पंच्याऐंशी की अठ्ठावन्न

"काका, पंच्याऐंशीच बसवा. मला शहाणपण शिकवू नका."

"मी कुठं शिकवतोय? मी नुसतं विचारतोय. मागच्या रोलमध्ये घोडीचे मागचे खूर किती फोटोंत आले?"

ताई दाराबाहेर बघायला लागली.

"बोल की. जिभेला नाल ठोकलाय का?"

"एकात."

"आणि बाकीच्यांत?"

"गुडघ्यापर्यंत आहेत. खालचे कापलेत."

"म्हणजे बिनखुरांची घोडी! आणि तुझा बाप त्या फोटोंत खूर शोधत बसलाय. काय बोलला तो?"

"काय बोलणार? म्हणाले, खूर कापायचे होते तर खाटीक झाली असतीस."

काका हसला नाही. जिन्याखालच्या त्या चिंचोळ्या दुकानात दोन माणसं बसली की तिसऱ्याला दारातच उभं राहावं लागतं. टेबलावर हिरवी लोकर अंथरलेली, तिच्यावर ताईचा कॅमेरा पोट उघडून पडलेला, आणि बाजूला बाटलीच्या झाकणात त्याचे तिळाएवढे स्क्रू. काकाचं खरं नाव काय ते त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागेल. गावभर तो 'पेचकस'. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पेचकस, म्हणून पेचकस.

ताई म्हणजे गावाबाहेरच्या तबेल्यातली फोटोवाली. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगकाठी सडसडीत, पायांत पुरुषी बूट, आणि तीन वर्षांपासून नाकावर जाड चष्मा. बाप तिथला घोडे शिकवणारा, धाकटा भाऊ घोडेस्वार, घोड्यांना खरारा-पाणी करायला एक मोतद्दार, आणि ही फोटो काढणारी. घोडा बांबूवरून उडी मारतो तेव्हा चार पाय कुठं कसे जातात ते नुसत्या डोळ्याला धड कळत नाही, म्हणून बापाने, म्हणजे नानांनी, वीस वर्षांपूर्वी पोरीच्या हातात कॅमेरा दिला आणि सांगितलं, "खूर बघ. बाकी घोडा मी बघतो." तेव्हापासून ती खूर बघत आली. लग्न केलं, दोन वर्षांत मोडून परत आली, दुसऱ्याच दिवशी बूट चढवून मैदानात उभी राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, "घोडे वेळेवर खातात, वेळेवर झोपतात. नवऱ्याचं तसं नव्हतं."

कॅमेरा खाली पडला तो काजळीमुळे. काजळी म्हणजे तीच घोडी. काळीभोर, उंच, आणि बुजरी. आधीच्या मालकाकडे तिला काठीने झोडपलेलं. इथं आली तेव्हा कुणाच्या हातात झाडूचा दांडा दिसला तरी भिंतीला चिकटायची. मोठा खटखटणारा कॅमेराही तिला चालायचा नाही. हा छोटा मात्र आवाज करत नाही, बोट मोडल्याएवढा टक् होतो तेवढाच, म्हणून तिच्यासमोर हाच चालायचा. तर परवा ताई तिला चणे देत होती, कॅमेरा कठड्यावर ठेवलेला, आणि काजळीने चण्यांच्या आशेने त्याच्यात नाक खुपसलं. कॅमेरा खाली दगडावर. बाकी सगळं वाचलं, फाइंडरचं भिंग मात्र तडकलं.

"हे बघ," पेचकस म्हणाला आणि त्याने दोन कागदी पुड्या सोडल्या. "भंगारातून दोन फाइंडर निघालेत. हा पंच्याऐंशीचा, तुझ्या जुन्यासारखाच. हा अठ्ठावन्नचा. दोन्ही धड आहेत. बसवणार एकच."

फाइंडर म्हणजे कॅमेऱ्याची खिडकी. उघड्या डोळ्याला दिसतं ते शंभर धरलं, तर पंच्याऐंशीतून जग जवळजवळ तेवढंच मोठं दिसतं. अठ्ठावन्नमधून निम्म्याहून थोडंसं जास्त. पण लहान दिसतं म्हणून मावतंही जास्त. आत पांढऱ्या रेघांची एक चौकट असते, चौकटीतलं तेवढंच फोटोत येतं. ताईची लेन्स रुंद, कारण शेडमध्ये ती उभी राहते तिथं मागे भिंत आहे, मागे सरकायला जागा नाही. पंच्याऐंशीत त्या लेन्सची चौकट खिडकीच्या पार कडेला जाऊन चिकटते. अठ्ठावन्नमध्ये ती आत राहते, आणि तिच्या बाहेर चहूबाजूंनी एक पट्टा उरतो. फोटोत न येणारा, नुसता दिसणारा.

"डोळा चांगला होता तोवर पंच्याऐंशी ठीक होतं," पेचकस म्हणाला. "आता मध्ये चष्म्याची काच आली. डोळा बोटभर मागे राहतो. दाराच्या भोकातून खोली बघायची तर डोळा भोकाला लावावा लागतो की नाही? लांबून बघितलंस तर समोरचा माठ दिसेल, कोपऱ्यातला माणूस नाही दिसणार."

"चष्मा काढून बघते."

"बघ."

ताईने चष्मा काढला, फाइंडर डोळ्याला लावून दारातून रस्त्याकडे बघितलं. समोर सायकलवाल्याचं दुकान होतं. सायकल धुक्यात हरवल्यासारखी दिसली.

"काय दिसतंय?"

"म्हैस."

"सायकल आहे ती."

"मला माहितेय सायकल आहे ते!" तिने चष्मा परत चढवला. "पण अठ्ठावन्नमध्ये खूर एवढासा दिसतो, काका. मुंगीएवढा. तो बांबूला कुठं लागला, पुढून की आतून, ते मला कसं कळणार? आणि फोकस? शनिवारी काजळीच्या मालकीणबाई येणारेत. तीन उड्या. एकदा जरी बांबू पडला तर घोडी ट्रकमध्ये. ट्रकवाल्याला सांगूनसुद्धा ठेवलंय."

त्या ट्रकची ख्याती सगळ्यांना ठाऊक होती. तो नेतो ती घोडी परत येत नाही. नेतो तिथं घोडी किलोवर मोजतात.

पेचकसने चष्मा कपाळावर सरकवला. त्यालाही चष्मा होताच. "फोकस आधीच बांबूवर करून ठेव. बांबू कुठं पळून जातोय? आणि या लेन्सला अठ्ठावन्न पुरतं, हे मी लिहून देतो. खूर मोठा बघायचा असेल तर प्रिंटवर भिंग धर. पण जो फोटोत आलाच नाही त्याच्यावर भिंग कुठं धरशील?"

ताईने पंच्याऐंशीची पुडी हातात घेतली. पंच्याऐंशी नानांनी निवडलेलं होतं. वीस वर्षांपूर्वी ह्याच दुकानात, ह्याच स्टुलावर बसून. आता अठ्ठावन्न घेऊन घरी जायचं म्हणजे बापाला सांगायचं, की तुमच्या पोरीचा डोळा गेला. आणि न घेता जायचं म्हणजे शनिवारी पुन्हा बिनखुरांची घोडी.

"बसवा," ती म्हणाली. "पण ते दुसरं विकू नका."

पेचकसने एक स्क्रू ओठांत धरला. "शनिवार संध्याकाळपर्यंत ठेवतो. सोमवारी एक गिऱ्हाईक येतंय त्याच्यासाठी. नाही पटलं तर आण, बदलून देतो. उगाच घरी जाऊन मला शिव्या घालू नकोस."

"शिव्या इथंच घातल्या असत्या, पण तुमच्या तोंडात स्क्रू आहे. गिळाल."

शुक्रवारी सकाळी नानांनी कॅमेरा हातात घेतला, डोळ्याला लावला आणि साप दिसल्यासारखा खाली केला.

"हे काय आणलंस? जत्रेतल्या खेळण्यातून बघतोय असं वाटतंय."

"अठ्ठावन्न आहे."

"आपलं पंच्याऐंशी होतं."

"चष्म्याने कडा दिसत नाहीत, नाना."

नानांनी तिच्याकडे बघितलं. सत्तरीतला माणूस, उंच, मानेची शीर ताठ, उजवा खुबा एकदा पडून मोडल्यापासून हातात काठी. "कडा कशाला हव्यात? खूर मध्ये असतो. पेचकसने तुला गंडवलं. उद्या घोडी चालली ट्रकमधून आणि तू कडा बघ."

एवढं बोलून ते काठी टेकत शेडकडे गेले. धाकटा खोगीर आवळत होता, तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, आज त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. सकाळपासून मोतद्दारावर दोनदा ओरडलेत. दुसऱ्यांदा तर तो तिथं नव्हताच."

शेड लांबलचक, वर पत्रे, मधूनमधून काचेचे पत्रे लावलेले, त्यांतून उजेड खाली पडायचा. खाली भुसा मिसळलेली माती. एका अंगाला दोन उड्या, दुसऱ्या अंगाला दोन. गंमत अशी, की काजळी तीन उड्या लोण्यासारख्या काढायची. चौथीलाच, म्हणजे भिंतीकडच्या शेवटच्या उडीलाच, तिचा मागचा पाय बांबूला लागायचा. रोज नाही, पण चारातून तीनदा. नानांनी बांबू खाली घेऊन बघितला, वर करून बघितला, रंग बदलला, भिंतीला पांढरा चुना मारला. धाकट्याचा लगाम तपासला, बसणं तपासलं, त्याला मोतद्दारासमोर नको नको ते बोलले. कशाचाही उपयोग नाही. शेवटी त्यांनीच मालकीणबाईंना सांगितलं होतं, की घोडीच्या मनात खोट आहे. मालकीणबाईंनी ते लगेच ऐकलं. घोडी नको असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

ताई चौथ्या उडीजवळच्या तिच्या कोनाड्यात उभी राहिली. पाठ भिंतीला. आधी बांबूवर फोकस केला. फाइंडरच्या मधल्या ठिपक्यात बांबू दोन दिसत होते, ते एक झाले. लहान दिसला, पण एक झाला. मग तिने डोळा लावून ठेवला.

धाकट्याने घोडी दुडक्या चालीवरून दौडीवर घेतली. पहिली उडी. दुसरी. वळण. तिसरी. टापांचा आवाज जवळ यायला लागला. वीस वर्षं तिला घोडा फाइंडरमध्ये एकदम यायचा, अंगावर आल्यासारखा. आज काजळी चौकटीच्या बाहेरूनच दिसायला लागली, छोटी, काळी, येतेय येतेय अशी. ताईचं बोट घाईला आलं नाही. घोडीने पुढचे पाय उचलले, आणि त्याच वेळी फाइंडरच्या डाव्या कडेला, पांढऱ्या रेघेच्या पलीकडे, काहीतरी वर गेलं.

टक्.

खाड्! बांबू खाली.

"लागला!" मोतद्दार ओरडला. सगळ्यांच्या माना बांबूकडे. ताईची मान मात्र डावीकडे वळली. डावीकडे कठडा होता, आणि कठड्यापाशी नाना, काठी जमिनीला टेकून, नेहमीसारखे. तिथली माती त्यांच्या उभं राहण्याने खोलगट झाली होती.

"बघितलंस?" नाना गरजले. "मागचा उजवा! आतून! आलाय का फोटोत?"

"आलाय."

"मग तोंड कशाला वासलंय?"

"नाना, अजून एकदा काढू द्या."

"घोडी उद्यासाठी ठेवायची आहे का आजच मारायची?"

धाकट्याने घोडीच्या मानेवर थाप मारली. "एक फेरी निघेल, नाना. गरम झालीय आत्ताच."

नानांनी बोटाने बांबू दाखवला, म्हणजे हो. मोतद्दाराने बांबू परत चढवला. ताईने ह्या वेळी कॅमेरा थोडा डावीकडे वळवला. चौकटीत आता बांबू उजव्या कडेला होता आणि डाव्या कडेला कठडा, नाना आणि त्यांची काठी. घोडीचं शेपूट कापलं जाणार होतं. जाऊ दे. तिने कोपर बरगडीला दाबून धरलं. आपण कशाचा फोटो काढतोय हे आत्ता कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

टापा आल्या. नाना पुढे झुकले. घोडी अजून जमिनीवरच होती, आणि नानांच्या हातातली काठी उचलली गेली. खांद्यापर्यंत. एखादा माणूस झोपेत हात उचलतो ना, तशी.

टक्. खाड्.

काठी परत जमिनीवर. "मनात खोट आहे," नाना म्हणाले, थुंकले आणि निघून गेले.

दुपारी ताईने जुन्या खोगीरखोलीत घोंगडी लावून खिडकी अंधारी केली. रोल धुतला, वाळवला, दोन प्रिंट काढल्या. औषधाच्या परातीत कागद हळूहळू काळा होत गेला तसा बाप वर आला, काठी उगारलेला. तिथं कुणालाही विचारायची गरज नव्हती. काजळीचे कान त्या काठीकडे वळलेले, पांढरा डोळा तिकडेच, आणि मागचं अंग उजवीकडे सरकलेलं.

तिने धाकट्याला वैरणीच्या खोलीत बोलावलं. त्याने प्रिंट उजेडात धरली आणि आधी फस्सकन हसला.

"अरे, हे नाना काय करतायत? ढोल वाजवतायत का?"

मग त्याचं हसू गेलं.

"ताई, मी ह्या घोडीवर छडी घेऊन बसत नाही. त्यांनीच सांगितलंय. तिच्या नजरेला काठी पडता कामा नये. मोतद्दाराला झाडूसुद्धा लपवायला लावतात."

"हो."

"आणि स्वतः?"

"ती त्यांना काठी वाटतच नाही. पाय वाटतो." ताई पेंढीवर बसली. "खुबा मोडला तेव्हापासून असंच असणार. घोडा उडायला लागला की ते उचलून देतात त्याला. वर ढकलतात. आपल्याला कधी दिसलंच नाही. त्या क्षणी कोण नानांकडे बघेल?"

"घोडी बघते."

"घोडीचे डोळे बाजूला असतात."

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"तू सांग," धाकटा म्हणाला.

"तू सांग. तू मुलगा आहेस."

"म्हणूनच. मला चाबकाने फोडतील. तुला निदान तोंडानेच."

उन्हं उतरायच्या आत ताई नानांकडे गेली. ते एका म्हाताऱ्या घोड्याच्या पायाला चिंध्यांची पट्टी बांधत होते, काठी भिंतीला. तिने काही न बोलता प्रिंट पुढे केली. नानांनी हात पुसले, प्रिंट घेतली, लांब धरली, जवळ आणली.

"हा कोण?"

"तुम्ही."

"मी कशाला हात वर करीन?"

"करता, नाना. दोन्ही वेळा. घोडी उचलायच्या आधी."

"चाळीस वर्षं मी कठड्यापाशी उभा राहतोय." आवाज चढला नाही, त्याने ताईला जास्त भीती वाटली. "चाळीस वर्षांत एक घोडा माझ्यामुळे बिघडला नाही. तुझ्या त्या अठ्ठावन्नात लांबचं जवळ आलंय, जवळचं लांब गेलंय. त्यात काय दिसेल?"

"काजळीचे कान बघा."

"माझं ऐक. उद्या तू खुरांचा फोटो काढ. मला माझे फोटो नकोयत. मला स्वतःचा फोटो हवा तेव्हा मी टोपी घालून येईन." त्यांनी प्रिंटच्या चार घड्या करून ती सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि पुन्हा पट्टी बांधायला लागले. घोड्याने पाय झटकला तसे त्याच्यावर ओरडले, "तू तरी गप रे!"

ताई परत निघाली तेव्हा तिला कळत नव्हतं, की प्रिंट खिशात गेली म्हणजे नेमकं काय झालं. फाडली असती तर बरं, निदान राग कळला असता.

शनिवारी मालकीणबाई लवकर आल्या. पायांत नव्या चपला, मातीत पाऊल टाकताना प्रत्येक वेळी खाली बघत. ट्रक फाटकापाशी आधीच येऊन थांबला होता. ट्रकवाला टपावर बसून दाढ कोरत होता. काजळीला त्या ट्रकचा वास आला असावा, ती शेडच्या दारात अडली. धाकट्याने तिच्याशी काहीतरी पुटपुटत तिला आत घेतलं.

"तीन," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या शेवटच्या उडीवरून. मला जास्त वेळ नाही."

नाना आले. काठी टेकत. त्यांनी जागा बदलली नाही, त्याच खोलगट मातीत जाऊन उभे राहिले. कुणाकडे बघितलं नाही. खिशातून घोडा बांधायची दोरी काढली, काठीच्या मुठीला गुंडाळली आणि काठी कठड्याला बांधून टाकली. घोडा बांधतात त्याच गाठीने. मग दोन्ही हातांनी कठडा धरला. मोतद्दाराने ते बघितलं आणि ताईकडे बघितलं. ताईने मान वळवून कॅमेरा डोळ्याला लावला. हसली असती तर संपलंच होतं.

फोकस बांबूवर. चौकट बांबूवर. आणि चौकटीच्या बाहेर, डाव्या पट्ट्यात, बाप.

पहिली. टापा आल्या, घोडी वाढत गेली, कान पुढे. नानांचा उजवा खांदा झटका बसल्यासारखा उडाला, कठडा करकरला, काठी जागची हलली नाही. टक्. काजळी पलीकडे. बांबू वर.

मालकीणबाईंनी चपलेतली माती झटकली.

दुसरी. कठडा पुन्हा करकरला. घोडीचा एक कान तिकडे गेला, क्षणभर, आणि परत आला. मागचा खूर बांबूला घासला. बांबू खोबणीत डुलला. डुलत राहिला. धाकटा पलीकडे पोचला तरी बांबू डुलतच होता, मग कुणीतरी समजावल्यासारखा थांबला.

"हे चालतं का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पडला नाही तर चालतं," नाना कठड्याकडे बघत म्हणाले. त्यांनी दोरीची गाठ तपासली आणि आणखी एक वेढा मारला.

तिसरी. फाटकापाशी ट्रकवाला टपावरून उतरला होता. त्याने मागचं दार उघडलं, लोखंडाचा आवाज शेडमध्ये घुमला. काजळीने मान झटकली. धाकट्याने तिला एक मोठं वळण दिलं, पुन्हा दौडीवर आणली. ताईच्या चष्म्यावर घामाचा थेंब पडला. पुसायला वेळ नव्हता. डाव्या पट्ट्यात नाना दिसत होते, डोळे मोठे केलेले, पुढे झुकलेले, हात कठड्याला चिकटलेले. घोडी आली. पुढचे पाय निघाले. आणि नानांना हाताने उचलता येईना म्हणून त्यांनी पायाने उचललं. चांगला पाय गुडघ्यापर्यंत वर गेला, मोडक्या खुब्यावर सगळा भार आला, आणि बाप चौकटीबाहेरच्या पट्ट्यातून खाली नाहीसा झाला.

ताईला धावायचं होतं. बोट मात्र आधी दाबलं गेलं. टक्. मग ती धावली.

नाना भुशात बसलेले, दोन्ही पाय पुढे पसरून, टोपी एकीकडे. "पडला का?" ते ओरडत होते. "अरे, कुणीतरी सांगा, पडला का?"

"नाही, नाना," ताई म्हणाली. "तुम्ही पडलात."

मोतद्दाराला हसू आवरेना, तो बादली घेऊन पळाला. मालकीणबाईंनी बांबूकडे बघितलं, मग नानांकडे, मग त्या दोरीने बांधलेल्या काठीकडे. त्यांना काय कळलं ते त्यांनाच माहीत. "ट्रकवाल्याला जायला सांगा," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना कुणीतरी उठवा." मग त्या चपला सांभाळत निघाल्या.

धाकटा घोडीवरून उतरला. नानांना दोघांनी धरून उभं केलं. खुबा दुखत होता हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण ते कुणाला बोलू देणार नव्हते. त्यांनी स्वतः गाठ सोडली, काठी हातात घेतली, मग काजळी समोर आहे हे बघून ती पाठीमागे धरली. घोडीने फुर्र केलं.

"खूर आला का?" त्यांनी विचारलं.

"आला असणार."

"चारही?"

"चारही. फोकस बांबूवर होता."

नाना जरा थांबले. सदऱ्याच्या खिशावर त्यांचा हात गेला आणि तसाच खाली आला. "आज संध्याकाळी पेचकसकडे जायचं होतं ना तुला? ते पंच्याऐंशी बदलून आणायला?"

"होतं."

"मग?"

"विकू दे त्याला."

"हं." त्यांनी टोपीवरचा भुसा झटकला. "मी उद्यापासून त्या बाजूला उभा राहीन, पाण्याच्या टाकीपाशी. तिथून मी तुझ्या त्या खेळण्यात दिसतो का बघ. दिसलो तर सांग. अजून लांब जाईन."

एवढं बोलून ते निघाले, काठी पाठीमागे धरूनच, लंगडत, कारण घोडी अजून बघत होती.

धाकटा काजळीला थंड करायला बाहेर घेऊन गेला. दारात मोतद्दार तांबड्या शिंगराला घेऊन उभा होता. त्याची आज पहिलीच उडी, आणि ते आत यायला तयार नव्हतं. ताईने चष्मा ओढणीने पुसला, रोल पुढे सरकवला, बांबू दोन खोबणी खाली घ्यायला सांगितला आणि परत कोनाड्यात जाऊन भिंतीला पाठ लावली.

"आण रे त्याला," ती म्हणाली. "आणि तो झाडू लपव आधी."